वहिनीच्या मसाल्याचा लोगो आणि फाईलींचा घोळ

वहिनीने लालबागला मसाल्याचा छोटा गाळा भाड्याने घेतला तेव्हा लोगो आधीच तयार होता. कुठल्यातरी ऑनलाईन डिझाईनरकडून करून घेतलेला, लाल मिरची, तिला हिरवा देठ आणि खाली चॉकलेटी रंगात दुकानाचं नाव. नाव इथे सांगत नाही, फुकटची जाहिरात व्हायची, पण त्यात एक ळ आहे, एक जोडाक्षर आहे आणि ऱ्हस्व वेलांट्या आहेत एवढं लक्षात ठेवा कारण पुढची बरीचशी कटकट त्यांचीच आहे. लोगो दिसायला झकास. फाईल मात्र एकच, जेपीजी, 640 बाय 640 पिक्सेल, फॅमिली ग्रुपवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आलेली. मी अकाउंट्समधे आहे, डिझाईनशी माझा काडीचा संबंध नाही, पण घरातल्या मुंजीच्या नी बारशाच्या पत्रिका मी इन्कस्केप या फुकट मिळणाऱ्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमधे करते हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे "तूच बघ गं ते" असं म्हणून वहिनीने विषय माझ्याकडे सरकवला.

सुरुवात बोर्डवाल्यापासून झाली. परळला इंडस्ट्रियल इस्टेटमधे त्याचा गाळा, बाहेर एसीपी शीट, म्हणजे बोर्डाचे ॲल्युमिनियमचे पत्रे, टेकवून ठेवलेल्या, आत कापणारं राउटर मशीन अखंड किंचाळतंय. बोर्ड 8 फुटी, नाव जवळजवळ पूर्ण रुंदीत हवं होतं. त्याने माझ्या फोनवर लोगो बघितला, दोन बोटांनी मोठा केला आणि फोन परत दिला. म्हणाला, "ताई, हे मोबाईलवर बघायला ठीक आहे. ओपन फाईल द्या. कोरल द्या नाहीतर पीडीएफ, पण कर्व्ह करून." कोरल म्हणजे कोरलड्रॉ हे डिझाईनचं सॉफ्टवेअर, ओपन फाईल म्हणजे जिच्यात बदल करता येतात ती मूळ फाईल, आणि कर्व्ह म्हणजे मजकुराचे आकार करणं, ते पुढे येईलच. ओपन फाईल आणि कर्व्ह, हे दोन शब्द नंतर मला मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक प्रिंटवाल्याच्या तोंडून ऐकायला मिळाले, लग्नपत्रिकेवाल्यापासून रेडियमवाल्यापर्यंत.

आता तो का नाही म्हणाला त्याचं साधं गणित आहे. 8 फूट म्हणजे 96 इंच. 640 पिक्सेल 96 इंचात पसरले की इंचाला साडेसहाच्या आसपास पिक्सेल येतात, म्हणजे एकेक पिक्सेल जवळपास 4 मिलिमीटरचा चौकोन. फुटपाथवरून डोळ्यांना दिसेल असा. हीच फाईल व्हिजिटिंग कार्डवर छापायची असती तर काही प्रॉब्लेम नव्हता, कार्डाला इंचाला 300 डॉट धरतात, त्या हिशोबाने 640 पिक्सेलचा लोगो दोन इंचापर्यंत मस्त येतो आणि कार्डच मुळात साडेतीन इंचाचं. म्हणजे फाईल चांगली की वाईट हे नुसतं फाईलकडे बघून सांगताच येत नाही, ती कुठे चिकटणार आहे ते आधी विचारायला हवं. फ्लेक्सला तर पूर्ण साईझमधे इंचाला 72 ते 100 पिक्सेलवरही भागतं कारण तो लांबून बघायचा असतो.

पण बोर्डवाल्याचा मुद्दा क्लॅरिटीच्याही पलीकडचा होता. त्याचं मशीन अक्षरं छापत नाही, ॲक्रेलिकमधून कापतं. राउटरचा बिट एका रेषेवरून फिरतो, त्याला रेषा लागते. जेपीजीत किंवा पीएनजीत रेषा नसतेच, रंगीत ठिपके असतात, माणसाचा मेंदू त्यातून अक्षर बघतो पण मशीनला काय दिसणार. व्हेक्टर फाईल म्हणजे कुठल्या बिंदूपासून कुठल्या बिंदूपर्यंत कसा बाक घेऊन जायचं याचा हिशोब लिहिलेली फाईल, ती नखाएवढी करा नाहीतर बेस्टच्या बसएवढी करा, कडा तशीच राहते.

घरी येऊन ती जेपीजी कंप्युटरवर मोठी करून बघितली तर अजून एक गंमत दिसली. अक्षरांभोवती मुंग्या लागल्यासारखे बारीक करडे ठिपके. जेपेग, म्हणजे हीच जेपीजी, हा फॉरमॅट 1992 सालचा, फोटोंसाठी बनवलेला, तो चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातली बारीक माहिती, जी डोळ्याला सहसा कळत नाही ती फेकून देतो. फोटोत आकाश असतं, चेहरा असतो, तिथे रंग हळूहळू बदलतात त्यामुळे चालून जातं. लोगोत पांढऱ्याला लागून एकदम चॉकलेटी येतो, अशी धारदार कड त्या पद्धतीला झेपत नाही नी कडेच्या आजूबाजूला घाण उरते. त्यात रंगाची माहिती बहुतेक वेळा अर्ध्याच बारकाईने साठवली जाते, आडवी अर्धी आणि उभी अर्धी, म्हणजे चार पिक्सेलना मिळून रंगाचा एक नमुना. लाल मिरचीची कड त्यामुळेच पुसट झालेली. आणि मागचं पांढरं दिसतं पांढरं, पण कडेजवळ ते पूर्ण पांढरं नसतं, म्हणून बॅकग्राउंड काढायला जावं तर अक्षरांना मळकट किनार राहते. पुन्हा सेव्ह केलं की पुन्हा थोडं जातं. ग्रुपवरून फिरलेल्या फाईलीचं काय होणार सांगायला नको.

डिझाईनरला मेसेज केला. त्याचं म्हणणं, पॅकेजमधे फक्त जेपीजी होती, ओपन फाईलचे वेगळे पैसे. वहिनी म्हणाली देऊन टाकू, तर पुढच्या मेसेजला उत्तरच नाही. कदाचित त्याच्याकडेच राहिली नसेल. ज्यांना लोगो करून घ्यायचाय त्यांनी पैसे ठरवतानाच सोर्स फाईल, फॉण्टचं नाव आणि रंगांचे आकडे मिळणार का हे विचारून घ्या, नंतर कोण कुणाला ओळखतं.

बोर्डवाल्याकडचा मुलगा चांगला होता, म्हणाला, "मैं ट्रेस मार के देता है, दो मिनिट." ट्रेस म्हणजे सॉफ्टवेअर ठिपक्यांवरून अंदाजाने रेषा काढतं. दोन मिनिटांत झालं खरं, पण शिरोरेषा बघितली तर ती समुद्राच्या लाटेसारखी निघालेली, वर खाली वर खाली. करड्या ठिपक्यांनाही त्याने अक्षराचा भाग समजून फोड आणून ठेवलेले. ळ ची एक वाटी बंद झाली, जोडाक्षराच्या आतली फट बुजली, आणि एकेका अक्षरावर शेकडो नोड, म्हणजे रेषा जिथे वळते ते बिंदू. कापणारं मशीन प्रत्येक नोडवर दिशा बदलतं, म्हणजे कड करवतीसारखी निघणार. इंग्रजी अक्षरांचा ट्रेस बरा येतो कधीकधी, पण देवनागरीत आतल्या पोकळ जागा इतक्या की फाईल मोठी नी स्वच्छ नसेल तर ट्रेसच्या नादी लागू नये असं माझं मत झालंय. त्या मुलालाही पटलं, तो म्हणाला फिरसे बनाओ मॅडम, वही अच्छा है.

मग पुन्हा काढायला घेतला. यात नशीब असं की फॉण्ट ओळखता आला, जाडसर, गोलसर, टपोरा, बालू निघाला. हा मुंबईतल्याच एक टाईप या मंडळींनी केलेला, गूगल फॉण्ट्सवर फुकट मिळतो आणि लायसन्सही मोकळं आहे, धंद्याच्या लोगोत वापरला तरी कुणी विचारणार नाही. इन्कस्केपमधे नाव टाईप केलं, जुनी जेपीजी मागे फिकी करून ठेवली आणि त्यावर अक्षरं बसवली, तंतोतंत बसली. मिरचीला फॉण्ट नव्हता, ती बेझिए टूलने, म्हणजे बाकदार रेषा काढायच्या टूलने, हाताने काढली, मोजकेच नोड ठेवून, आणि खरं सांगायचं तर मूळच्यापेक्षा माझी मिरची जास्त तिखट दिसते.

आता कर्व्हचा भाग, कारण मराठी लोगोत खरी गोम इथेच आहे. फाईलीत नाव टाईप केलेला मजकूर म्हणूनच राहिलं तर समोरच्याच्या कंप्युटरवर तो फॉण्ट असावा लागतो. नसेल तर सॉफ्टवेअर दुसराच कुठला तरी फॉण्ट घालतं, आणि देवनागरीत त्याचा अर्थ फक्त अक्षराचं वळण बदलणं एवढाच नसतो, जोडाक्षर सुटून हलन्त दिसायला लागतं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, किंवा सरळ चौकोन येतात. जुन्या श्रीलिपी, कृतीदेव टाईपच्या फॉण्टमधलं काम असेल तर फॉण्ट नसताना इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, ते गणपतीच्या बॅनरवाल्यांना विचारा. म्हणून बाहेर पाठवायच्या प्रतीत मजकुराचं आकारात रूपांतर करायचं, कोरलमधे कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमधे क्रिएट आउटलाईन्स, इन्कस्केपमधे ऑब्जेक्ट टू पाथ. त्यानंतर ते नाव नाव राहत नाही, चित्र होतं, स्पेलिंग बदलता येत नाही, म्हणून टाईप केलेली प्रत स्वतःकडे वेगळी ठेवायची.

कर्व्ह केल्यावरही एक काम उरतं ते मला बोर्डवाल्याच्या त्या मुलाने आधीच बजावून ठेवलं होतं, "वेल्ड करना, नहीं तो लाईन कटेगा." देवनागरी फॉण्टमधे प्रत्येक अक्षर स्वतःच्या शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि हे तुकडे जरासे एकमेकांवर चढलेले असतात, म्हणून स्क्रीनवर सलग रेघ दिसते. फाईल फक्त बाह्यरेषांच्या व्ह्यूमधे बघितली की कळतं, प्रत्येक सांध्यावर दोन उभ्या रेघा एकमेकींना छेदतायत. छापायला काही फरक पडत नाही, सगळा रंग एकच. पण कापणारं मशीन त्या रेघाही इमानाने कापतं आणि नावाची शिरोरेषा अक्षरागणिक तुटून हातात येते. सगळे आकार एकत्र सिलेक्ट करून युनियन मारायचं, कोरलमधे त्यालाच वेल्ड, मग संपूर्ण शब्दाची एकच बाह्यरेषा उरते. लोगो इंग्रजीत असता तर सुट्या सुट्या अक्षरांना या सगळ्याची फारशी गरजच पडली नसती.

याच वेळेला लोगोची मांडणीही बदलली. डिझाईनरने इंग्रजी नाव मोठं आणि मराठी खाली बारीक अशी एक प्रत केली होती बोर्डासाठी. ती चाललीच नसती, महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीपासून दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत आधी हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. मुंबईतल्या दुकानदारांची संघटना याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, सप्टेंबर 2023 मधे कोर्टाने दोन महिन्यांत पाट्या बदला म्हणून सांगितलं. वहिनी म्हणाली लालबागमधे मसाला विकताना इंग्रजी वाचणार कोण, तेही खरंच, शेवटी इंग्रजी नाव खाली छोटंसं ठेवलं.

फाईल बोर्डवाल्याला कुठल्या रूपात द्यायची यावर थोडी चर्चा झाली. इन्कस्केपची स्वतःची फाईल एसव्हीजी असते. त्याच्याकडे कोरल, तेही इतकं जुनं की नवीन व्हर्जनची सीडीआर, म्हणजे कोरलची स्वतःची फाईल, उघडत नाही. आपल्याकडे अजूनही "व्हर्जन 12 मधे सेव्ह करून द्या" असं सांगणारे भेटतात, ते व्हर्जन 2004 चं आहे, धंदा चालतोय तर कशाला बदला असा हिशोब. माझ्याकडे कोरलच नाही, मग मधला मार्ग पीडीएफ. पीडीएफमधे व्हेक्टर व्हेक्टरच राहतं, फोनवर उघडतं, कोरलमधे इम्पोर्ट होतं, आणि वहिनीलाही दाखवता येतं. कुणी ईपीएस मागितली तर तीही काढून देता येते, फक्त ती जुन्या पोस्टस्क्रिप्ट जमान्यातली असल्याने तिच्यात पारदर्शकतेचे खेळ चालत नाहीत, आमच्या लोगोत ते नव्हतेच.

एक सावधगिरी मात्र सांगते. फाईलचं नाव पीडीएफ किंवा एसव्हीजी आहे म्हणजे आत व्हेक्टर आहे असं अजिबात नाही. ऑनलाईन कन्व्हर्टर असतात ना, जेपीजी टाका एसव्हीजी घ्या, त्यातले बरेच जण तीच ठिपक्यांची जेपीजी एसव्हीजीच्या डब्यात ठेवून परत देतात. ओळखायचं सोपं आहे, झूम करत करत हजारो टक्क्यांपर्यंत जा, कड फाटली तर फसवणूक. एसव्हीजी तर नोटपॅडमधेही उघडते कारण ती आतून साधा मजकूर असते, वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने 2001 मधे ठरवलेलं स्टँडर्ड आहे ते. आत पाथ आणि आकडे दिसले तर खरी, आणि इमेज लिहून पुढे न संपणारी निरर्थक अक्षरांची रांग दिसली तर समजायचं चित्र कोंबलंय. आमची अख्खी एसव्हीजी 14 केबीची झाली, वहिनीला विश्वास बसेना, तिला वाटलं चांगली फाईल म्हणजे जड फाईल.

बोर्ड लागला. मागून एलईडी, अक्षरांच्या कडा सुरीसारख्या. मग स्टिकर.

पाकिटं तपकिरी क्राफ्ट पेपरची, त्यावर गोल स्टिकर, गिरगावात एकाकडे 13 बाय 19 इंचाच्या शीटवर छापून घ्यायचे होते. स्टिकर क्रीम रंगाचा, म्हणजे जुनी जेपीजी ठेवली असती तर क्रीमवर पांढरा चौकोन नी त्यात मिरची, कारण जेपीजीत पारदर्शक असं काही नसतंच, काहीतरी रंग भरावाच लागतो. व्हेक्टरमधे हा प्रश्न येत नाही, जिथे आकार नाही तिथे काही नाही. इथे घोळ रंगांचा होता. स्क्रीनवर आरजीबी असतं, लाल हिरव्या निळ्या उजेडाने बनलेलं, मशीनवर सीएमवायके, निळसर, मजेंटा, पिवळ्या नी काळ्या शाईने बनलेलं, आणि स्क्रीनवरचा तो पोपटी हिरवा देठ शाईत येतच नाही, मेथीच्या जुडीसारखा मंद होतो. प्रिंटवाल्या काकांनी एक शीट काढून दाखवली. लाल बऱ्यापैकी आलं, मजेंटा 100 टक्के यलो 100 टक्के, ते म्हणाले मसाल्याला हेच लाल चांगलं. हिरव्याचा आम्ही शाईच्या हिशोबानेच नवीन आकडा ठरवला आणि स्क्रीनवरचा हिरवा त्याच्या जवळ आणला, उलट दिशेने, म्हणजे दुकानात नी मोबाईलवर दोन वेगळ्या मिरच्या दिसणार नाहीत.

काकांनी अजून एक सांगितलं ते सोनं आहे. घटक पदार्थ, एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या लायसन्सचा, 14 आकडी नंबर, हे बारीक टायपातलं सगळं मी लोगोला मॅचिंग म्हणून चॉकलेटीत ठेवायच्या विचारात होते. चॉकलेटी रंग बनतो तीन चार शाया एकावर एक बसून, केसभर सरकल्या तरी बारीक अक्षराला दुहेरी सावली दिसते. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. ठेवला. शाकाहारी चिन्हाचा हिरवा चौकोन आणि ठिपकाही नेटवरून जेपीजी उचलण्यापेक्षा तिथेच काढला, चौकोन आणि गोल काढायला कितीसा वेळ लागतो.

तेवढ्यात वहिनीच्या ओळखीतल्या एका मुलाने वेबसाईट करून द्यायचं कबूल केलं आणि तो म्हणाला पीएनजी पाठवा. पीएनजीबद्दल मला आपुलकी आहे. त्याआधी जिफ होतं, कॉम्प्युसर्वने 1987 मधे आणलेलं, जास्तीत जास्त 256 रंग आणि पिक्सेल एकतर दिसणार नाहीतर पूर्ण गायब, मधलं काही नाही, त्यामुळे गोल कडा दातेरी. त्यातल्या दाबून साठवायच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचं पेटंट होतं, 1994 च्या शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांकडे पैसे मागायचं ठरलं तेव्हा नेटवरच्या लोकांनी वैतागून स्वतःचा मोकळा फॉरमॅट उभा केला, 1996 मधे पीएनजीचं स्पेसिफिकेशन आलं. यात काहीही फेकलं जात नाही, आणि प्रत्येक पिक्सेल किती टक्के दिसावा हे ठरवता येतं, म्हणून कडा कुठल्याही रंगावर मऊ बसतात. सपाट रंगांच्या लोगोला तर पीएनजी जेपीजीपेक्षा हलकीसुद्धा पडते बऱ्याचदा. छपाईला मात्र ती मुळातून बनलेली नाही, तिच्यात सीएमवायके नसतं.

त्या मुलाला मी एसव्हीजीच घे म्हटलं, कुठल्याही स्क्रीनवर धारदार. तर त्याची साईट वर्डप्रेसवर, आणि वर्डप्रेस मुळात एसव्हीजी अपलोड करू देत नाही, कारण एसव्हीजी हा मजकूर असल्याने आत स्क्रिप्टही लपवता येते, नको त्या माणसाने टाकली तर साईटचे वांधे. कारण रास्त आहे. त्याने प्लगइन टाकून वाट काढली, पण मोठी पीएनजीही देऊन ठेवली. वेबपीचाही विषय निघाला, गूगलने 2010 मधे आणलेलं, साईटवर फोटो हलके व्हायला उत्तम, मसाल्यांचे फोटो त्याने तसेच टाकले. लोगोचं वेबपी मी कुणाला देत नाही, दिलं की कुठलातरी छापखानेवाला फोन करतो की फाईल उघडत नाही.

व्हॉट्सॲपवर पीएनजी फोटो म्हणून पाठवली की तिची जेपीजी होते आणि पारदर्शक भागात रंग भरला जातो, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवली की जशीच्या तशी पोचते. मी आता घरात सगळ्यांना पिन चिन्ह दाबायला शिकवलंय, दादा सोडून. आणि पारदर्शक लोगोची दुसरी बाजूही आहे, फोन डार्क मोडवर असला की चॉकलेटी अक्षरं काळ्यात बुडतात नी नुसती मिरची तरंगताना दिसते. त्यासाठी पांढऱ्या अक्षरांची एक प्रत करावी लागली. प्रोफाईलच्या गोलात तर नाव ठेवलंच नाही, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत वेलांट्या नी जोडाक्षर वाचणार कोण, तिथे आणि ब्राउझरच्या टॅबवर फक्त मिरची.

बिलाच्या मशीनकडून मला काही अपेक्षा नव्हती पण सगळ्यात जास्त डोकं तिथेच लागलं. 58 मिलिमीटर रोलचा थर्मल प्रिंटर, त्याला रंग माहीत नाही, करडाही माहीत नाही, ठिपका जळला किंवा नाही जळला एवढंच. छपाईची रुंदी 384 ठिपके. सॉफ्टवेअरला काळ्यापांढऱ्या बीएमपीशिवाय दुसरं काही चालत नव्हतं. रंगीत लोगो थेट दिला तर लाल आणि हिरव्याचे करडे होतात आणि करडं दाखवायला ते ठिपक्यांची जाळी पाडतं, मिरची खरूज झाल्यासारखी दिसत होती. मग बिलासाठी लोगो वेगळाच काढला, मिरची भरीव काळी, देठ आणि मिरचीच्यामधे एक पांढरी फट, नाव जरा जाड, आणि बरोबर 384 रुंदीत एक्स्पोर्ट, म्हणजे प्रिंटरला स्वतःहून लहान मोठं करायला वावच नाही. हीच काळी प्रत पुढे रबर स्टँपलाही चालली.

काचेच्या दारावरच्या रेडियमला काही त्रास झाला नाही, वेल्ड केलेली पीडीएफ दिली, प्लॉटरने कापलं. स्टिकर आतून लावायचा असेल तर उलटा कापायला सांगायचं, नाहीतर बाहेरून नाव उलटं दिसेल, ते रेडियमवालाच विचारतो.

मग वहिनीला ॲप्रनवर एम्ब्रॉयडरी हवी झाली. मी ऐटीत पीडीएफ पाठवली तर भरतकामवाला म्हणाला ही मला बघायला, मशीनला डीएसटी लागते, पंचिंग करावं लागेल, त्याचे वेगळे पैसे. पंचिंग म्हणजे माणूस बसून ठरवतो की सुई कुठून कुठे जाणार, टाका कुठल्या दिशेला, किती दाट. डीएसटीत चित्र नसतंच, टाके असतात, आणि रंगही नसतात, फक्त इथे थांब नी दोरा बदल एवढं, कुठला दोरा ते कागदावर लिहून द्यायचं. फाईल साडेतीन इंचाची केली तर ती साडेतीन इंचालाच, टोपीसाठी लहान करायला गेलं की टाके एकमेकांवर चढतात. ऱ्हस्व वेलांटीचा वरचा बाक दोऱ्यात भरला जात होता, त्याने तो थोडा उघडा केला, विचारलंही नाही, आणि छान केला. ती डीएसटीही मी मागून घेतली. पंचिंगचे पैसे आपण दिलेत तर फाईल आपली.

शेवटी ट्रेडमार्क. ट्रेडमार्कमधे मालाचे क्लास, म्हणजे वर्ग असतात, मसाल्याला क्लास 30 लागतो, छोट्या धंद्याला ऑनलाईन अर्जाची फी क्लासमागे 4500 रुपये, कंपन्यांना 9000. फॉर्म भरणाऱ्या एजंटना मी एसव्हीजी, पीडीएफ, पीएनजी असं सगळं फोल्डर पाठवलं, त्यांचा फोन, "मॅडम, जेपीजी द्या." म्हटलं, देवा. पण त्यांचं बरोबर होतं, पोर्टलला जेपीजी लागते, आणि पांढऱ्यावर स्वच्छ दिसली की काम झालं, तिथे कुणी कापणार नाही की ताणणार नाही. मूळ एसव्हीजीतून मोठ्या साईझची, क्वालिटी पूर्ण ठेवून काढली, एकही मुंगी नाही. त्यांनी रंगीत द्यायची की काळीपांढरी हेही विचारलं, ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 10 प्रमाणे रंगाची मर्यादा न घालता नोंदवलं तर ते सगळ्या रंगांसाठी धरतात, म्हणून बिलाच्या मशीनसाठी केलेलीच काळी मिरची तिथे गेली.

अर्ज झाल्यावर वहिनीला लगेच नावाच्या कोपऱ्यात गोलातला आर, म्हणजे रजिस्टर्डचं चिन्ह, हवा होता. तो नोंदणी झाल्याशिवाय लावता येत नाही, लावला तर गुन्हा, तोपर्यंत टीएम, म्हणजे नुसतं ट्रेडमार्क. म्हणून टीएमवाली अजून एक प्रत केली, बोर्डाला ठीक, पण पुढच्या खेपेच्या छोट्या स्टिकरवर ते इतकं बारीक झालं की गिरगावच्या काकांचा फोन आला, "ताई, नावाच्या शेजारी काहीतरी धूळ बसलीय फाईलीत, साफ करू का?"